एल४-एल५ ची सायनोव्हियल सिस्ट : सुई, नुसती सिस्ट काढणं की स्क्रू?

शेवंती :
नमस्कार मंडळी. प्रश्न आईचा आहे, जमेल तेवढी नेमकी माहिती देते.

वय ६७. साडेचार महिन्यांपासून उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या अंगाने, नडगीवरून पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्यापर्यंत कळ जाते. कंबर फारशी दुखत नाही. दहा मिनिटं उभं राहिलं की पाय भरून येतो, चालणं दोनशे मीटरवर आलंय. बसलं की पाच मिनिटांत उतार. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं बंद झालं आहे. प्रीगॅबालिन ७५ दोन वेळा चालू आहे. कळ निम्मी होते, पण दिवसभर गुंगी असते.

मधुमेह आहे, एचबीएवनसी ७.८, गोळ्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, रक्त गोठू न देणाऱ्या क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या गोळ्या चालू आहेत. रोज मिश्री लावते, हेही सांगून ठेवते.

एमआरआयच्या रिपोर्टातलं महत्त्वाचं : एल४-एल५ ला (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) उजव्या फॅसेट सांध्यालगत ९ × ७ मिमीची सायनोव्हियल सिस्ट, एल५ नस दबलेली. दोन्ही फॅसेट सांध्यांत पाणी. एल४ मणका एल५ वर ४ मिमी पुढे, ग्रेड १ लिस्थेसिस. आणि शेवटी एक ओळ : एस२ पातळीवर १४ मिमीची टार्लोव्ह सिस्ट.

दोन सर्जनना दाखवलं. एक म्हणतात छोट्या छेदातून सिस्ट काढू, बास. दुसरे म्हणतात मणका सरकलाय, सिस्टबरोबर स्क्रू टाकून फ्यूजन (दोन मणके एकमेकांना कायमचे सांधणं) करूनच घ्या, नाहीतर परत यावं लागेल. दोघांचंही बोलणं ऐकताना पटतं, हीच अडचण आहे. सुईने सिस्ट फोडतात असंही वाचलं. आणि १४ मिमीची मोठी गाठ सोडून सगळे ९ मिमीच्या मागे का लागलेत?

कृष्णधवल :
शेवंतीताई, आधी भीतीचं बाजूला काढू. घरात सिस्ट हा शब्द आला की कुणीतरी कॅन्सर हा शब्द कुजबुजतंच. ही ती गाठ नव्हे.

मणक्यांना मागच्या बाजूला जोडणारे दोन छोटे सांधे असतात, तेच फॅसेट. गुडघ्यासारखंच त्यांना अस्तर आणि आत थोडं वंगण असतं. सांधा झिजला, ढिला झाला की पाणी वाढतं आणि अस्तराला फुगा येतो. तो फुगा आत, नसांच्या वाटेकडे आला की पायात कळ. कंबरेतला सगळ्यात जास्त हलणारा आणि म्हातारपणी सगळ्यात जास्त सरकणारा सांधा एल४-एल५ चा, त्यामुळे बहुतेक सायनोव्हियल सिस्ट तिथेच सापडतात. सिस्ट हा ढिल्या सांध्याचा धूर समजा. पुढची सगळी चर्चा सांधा किती ढिला यावर जाणार आहे.

टार्लोव्ह सिस्टबद्दल. आकाराने मोठी असली तरी या दुखण्यात तिचा हात दिसत नाही. इसाडोर टार्लोव्ह या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९३८ मध्ये तिचं वर्णन केलं. ती त्रिकास्थीत, नसेच्या मुळावरच येते आणि बहुतेकदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये योगायोगाने दिसते. एस२ ची नस मांडीच्या मागे, बैठकीच्या जागी आणि लघवीच्या पिशवीकडे जाते. अंगठ्याकडे एल५ जाते. शिवाय टार्लोव्हचा त्रास झालाच तर तो बहुधा बसल्यावर वाढतो, आईंचा बसल्यावर थांबतोय. तिच्या भिंतीतच नसेचे तंतू असतात, म्हणून तिला उगाच हात लावत नाहीत. रिपोर्टातली ती ओळ वाचून सोडून द्या.

आता सीडी उघडून दोन गोष्टी बघा किंवा रेडिओलॉजिस्टना फोनवर विचारा. एक, टी२ चित्रात (एमआरआयच्या ज्या चित्रांत पाणी पांढरं दिसतं ती) सिस्ट पांढरीशुभ्र आहे की करडी-काळी? पांढरी म्हणजे आत पातळ पाणी. करडी असेल तर जेलीसारखं किंवा जुनं रक्त, काळी कडा जाड असेल तर चुना साठलेला असू शकतो. पातळ पाण्याची सिस्ट सुईला दाद देते, जेलीची आणि चुन्याची सहसा देत नाही. दोन, फॅसेटमधल्या पाण्याची फट किती रुंद आहे? दीड मिमीहून जास्त असेल तर सांधा हलतोय असा संशय घ्यायचा.

आणि मुख्य. उभ्याने, वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे कुठे आहेत? एमआरआय उताणं झोपवून काढतात, तेव्हा सरकलेला मणका थोडा जागेवर जातो. हजारोंचा एमआरआय झाला आणि काहीशे रुपयांची प्लेट राहिली, असं फार वेळा होतं. दोन सर्जनांचा वाद त्या प्लेटवरच सुटेल, निदान सोपा होईल.

पाऊलखुणा :
एक्स-रेच्या आधी पायाची ताकद बघा. तुम्ही दुखण्याचं सविस्तर लिहिलंत, ताकदीबद्दल अवाक्षर नाही. निर्णयाची घाई किती, हे कळेवरून ठरत नाही, ताकदीवरून ठरतं.

आईंना खुर्चीत बसवा, टाच जमिनीवर ठेवून दोन्ही अंगठे वर उचलायला सांगा. तुमच्या बोटाने दोन्ही अंगठे खाली दाबा. उजवा लगेच हार मानतो का? मग आधार देऊन टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. उजवा चवडा खाली पडतो का? चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांना कळतही नाही, असं होतं का? हे शेवटचं लक्षण डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही.

ताकद ५ पैकी मोजतात. ४ म्हणजे दाबाला थोडा विरोध करतो. ३ म्हणजे वजनाविरुद्ध उचलतो, पण बोट लावलं की पडतो. ३ किंवा त्याखाली, किंवा आठवड्यागणिक घसरण, असं असेल तर सुई, व्यायाम, वाट बघू हे सगळं मागे पडतं आणि शस्त्रक्रिया काही दिवसांत करायची ठरते. लघवी तुंबणं, लघवी झाल्याचं न कळणं, बैठकीची जागा बधिर होणं, दोन्ही पाय लुळे पडणं यातलं काहीही झालं तर त्याच रात्री इमर्जन्सी. सकाळची ओपीडी नाही.

मधुमेह आहे म्हणून अजून एक. चवडा पडण्याचं कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबलेली पेरोनियल नस असू शकतं, मांडी घालून बसणाऱ्यांत तर नक्कीच. फरक असा ओळखतात : पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची आणि कुशीवर झोपून पाय वर उचलण्याची ताकदही कमी असेल तर गडबड एल५ मध्ये, ती शाबूत असेल तर गुडघ्यापाशी. शंका राहिली तर एनसीव्ही (नसेचा वेग मोजणं) आणि ईएमजी (स्नायूतली वीज मोजणं) करतात. स्नायूतले बदल ईएमजीत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आईंचे ते केव्हाच उलटलेत.

व्यायाम सिस्ट घालवत नाही, पण उलटा व्यायाम त्रास वाढवतो. मागे झुकलं की नसांची वाट अरुंद होते, म्हणून भुजंगासन, धनुरासन, पोटावर झोपून पाय उचलणं सध्या बंद. पुढे झुकून चालणं बरं पडतं. बाजारात ट्रॉली ढकलत त्या दोनशे मीटरपेक्षा लांब जातात का ते बघा. जात असतील तर नसच दबलेली आहे असं समजायला आधार मिळतो. ट्रॉलीनेही तेवढ्याच अंतरावर पोटरी भरून येत असेल तर पायाची नाडी तपासून घ्या. स्टेंट झालेल्या माणसाच्या पायाची रक्तवाहिनीही अरुंद असू शकते आणि दोन्ही दुखणी एकत्र नांदतात.

सुईदोरा :
वरचे दोन्ही प्रतिसाद नीट पचवा, मग माझं वाचा.

सुईचा उपाय असा. पोटावर झोपवून सी-आर्म (चालू एक्स-रेचं यंत्र) किंवा सीटीखाली फॅसेट सांध्यात सुई नेतात. सांध्यात जेमतेम १ ते २ मिली मावतं. थोडा डाय टाकून सिस्ट सांध्याला जोडलेली आहे हे बघतात, मग भुलीचं औषध आणि स्टेरॉइड दाब देऊन भरतात. दाब वाढतो, पायात ओळखीची जोराची कळ येते आणि एकदम पिचकारी हलकी होते. सिस्ट फुटली. ती कळ येणार हे आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर टेबलावर दचकून हलतात. ती रोजचीच कळ असेल तर दोषी सिस्टच, याचा पुरावाही त्याच वेळी मिळतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. २००९ मध्ये १०१ रुग्णांची एक मालिका प्रसिद्ध झाली. त्यात ८१ टक्क्यांची सिस्ट फुटली, पण पुढे ५४ टक्क्यांना शस्त्रक्रिया करावीच लागली. कारण उघड आहे, फुगा फोडला तरी सांधा तसाच आहे आणि पाणी पुन्हा बनतं. उलट बाजूने बघितलं तर जवळजवळ निम्म्यांची टळली. हृदय, साखर आणि वय बघता तो जुगार एकदा खेळण्यासारखा आहे. एकदाच. तीन-तीन वेळा सुया मारत बसू नये. आणि स्टेरॉइडनंतर लगेच शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मध्ये किमान महिना जाऊ देतात, स्क्रू टाकायचे असतील तर बरेच सर्जन तीन महिने थांबतात. म्हणजे सुईची तारीख ठरवताना पुढच्या शस्त्रक्रियेचं कॅलेंडर डोक्यात हवं.

शस्त्रक्रियेत काय बिघडतं ते सांगतो, कारण काय करतात ते सगळेच सांगतात. सिस्ट बऱ्याचदा नसांच्या आवरणाला, ड्युराला, चिकटलेली असते. सोलताना ड्युरा फाटतो आणि पाणी गळतं. टाका किंवा फायब्रिन ग्लूने तो बंद करतात, दिवस-दोन दिवस सपाट झोपवून ठेवतात, सहसा पुढे काही होत नाही. पण अनुभवी सर्जन सिस्टचा कण न् कण खरवडायच्या हट्टाला पेटत नाही, चिकटलेला पातळ पापुद्रा तसाच सोडतो. दुसरा घोळ म्हणजे सिस्टपर्यंत पोचायला फॅसेट जास्त कापला जाणं. निम्म्याहून अधिक गेला की आधीच ढिला सांधा मोकाट सुटतो, मणका आणखी सरकू शकतो आणि मग स्क्रूशिवाय गत्यंतर उरत नाही. म्हणून काही जण डाव्या बाजूने शिरून मधून पलीकडे जातात. तिरक्या वाटेने उजवी सिस्ट समोर येते आणि उजवा फॅसेट वाचतो. पहिल्या सर्जनना हे विचारा : "कुठल्या बाजूने जाणार आणि किती फॅसेट ठेवणार?" आकड्यात उत्तर आलं तर माणूस विचार करून बसलाय.

स्क्रूबद्दल. ग्रेड १ लिस्थेसिसला सरसकट फ्यूजन हवंच असं आता म्हणता येत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतली ६६ जणांची आणि स्वीडनमधली २४७ जणांची चाचणी एकदमच आली. स्वीडनच्या चाचणीत फ्यूजनचा वेगळा फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या चाचणीत थोडा दिसला, आणि चार वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया नुसत्या डिकम्प्रेशनच्या (स्क्रू न टाकता नसेवरचा दाब काढणं) गटात ३४ टक्के, फ्यूजनच्या गटात १४ टक्के. २०२१ च्या नॉर्वेच्या २६७ जणांच्या चाचणीत नुसतं डिकम्प्रेशन फ्यूजनच्या मागे पडलं नाही. मेख एवढीच की अमेरिकेच्या चाचणीत वाकताना ३ मिमीहून जास्त सरकणारे रुग्ण मुळात घेतलेच नव्हते. म्हणून तो एक्स-रे.

शेवंती :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बरंच करून आलो.

अंगठा : उजवा दाबल्यावर डाव्यापेक्षा लवकर पडतो, पण विरोध करतो. फिजिओनी ४ लिहिलं. टाचांवर चालता येतं. चप्पल दोनदा निसटली होती, हे विचारल्यावर सांगितलं! लघवी ठीक. ट्रॉली ढकलत अख्खा बाजार फिरली. टी२ मध्ये सिस्ट पांढरी, फॅसेटमधली फट २ मिमी.

एक्स-रे : उभ्याने सरक मणक्याच्या खोलीच्या १४ टक्के, पुढे वाकून १९, मागे झुकून १३. रिपोर्टात "लक्षणीय अस्थिरता नाही" लिहिलंय. तंत्रज्ञ म्हणाले आजींना नीट वाकता आलं नाही.

मग नुसती सिस्ट काढायची ना?

कृष्णधवल :
थांबा. "नीट वाकता आलं नाही" हे वाक्य रिपोर्टात असायला हवं होतं. दुखतंय म्हणून माणूस गुडघ्यातून वाकतो आणि कंबर काठीसारखी ताठ राहते. मग प्लेट "स्थिर" येणारच. वाकलेली आणि झुकलेली प्लेट शेजारी ठेवून कंबरेच्या कमानीत फरक दिसतो का बघा. दिसत नसेल तर दुखण्याची गोळी घेतल्यावर तासाभराने, स्टुलावर बसवून पुढे वाकवून पुन्हा काढा. बसल्याने मांडीचे स्नायू आड येत नाहीत.

आणि टक्क्यांत मोजलं ते छान केलं. एक्स-रेत हाड मोठं उमटतं, त्यामुळे एमआरआयचे मिमी आणि एक्स-रेचे मिमी एकमेकांतून वजा करायचे नसतात. मणक्याची खोली ३५ मिमी धरली तर उताण्या एमआरआयमधले ४ मिमी म्हणजे साधारण ११ टक्के. उताणं ११, वाकून १९, म्हणजे आठ टक्क्यांची हालचाल, सुमारे ३ मिमी. फट २ मिमी. मी याला स्थिर म्हणणार नाही.

सुईदोरा :
मी अस्थिर म्हणणार नाही. :) कुंपणावर आहे. अस्थिर ठरवायची ३ ते ४ मिमी ही रेघ माणसांनी ओढलेली आहे, हाडाला ती माहीत नसते. कंबर फारशी दुखत नाही, सगळा त्रास पायात आहे, ही गोष्ट नुसत्या डिकम्प्रेशनच्या बाजूने जाते. कंबरच मुख्य दुखत असती तर मी दुसऱ्या सर्जनच्या पारड्यात वजन टाकलं असतं. शिवाय ६७ वर्षांची मधुमेही बाई, मिश्री चालू, हाडाची घनता मोजलेली नाही, अशा हाडात स्क्रू ढिले होतात आणि निकोटीनमुळे हाड सांधत नाही. फ्यूजनचा विषय निघालाच तर डेक्सा (हाडाची घनता मोजणारी तपासणी) आणि व्हिटॅमिन डी आधी.

माझा क्रम असा असेल. अंगठा ४ वर आहे, सिस्ट पांढरी आहे, तर सुई एकदा. दर रविवारी अंगठ्याची तीच चाचणी, वहीत आकडा. सहा आठवड्यांत चालणं निदान दुप्पट झालं नाही, किंवा अंगठा ३ कडे घसरला, तर डिकम्प्रेशन, फॅसेट वाचवून. संमतीपत्रावर सही करण्याआधी एक प्रश्न : "आत गेल्यावर फॅसेट ठेवता आला नाही तर त्याच वेळी स्क्रू टाकणार, की बंद करून बाहेर येऊन विचारणार?" दोन्ही चालतं, पण आधी ठरलेलं असावं. स्क्रू पडले तर त्यांचे स्टिकर फाइलमध्ये लागतात, ते मागून घ्या, विम्याला लागतात आणि पुढच्या सर्जनलाही.

भूलथाप :
भुलीच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नका, सुईसाठीही नाही. शस्त्रक्रियेआधी ते साधारण ५ ते ७ दिवस थांबवतात. ॲस्पिरिन ठेवायचं की नाही हे स्टेंटची तारीख आणि प्रकार बघून हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात. स्टेंटचं कार्ड सापडत नसेल तर आजच शोधा. सुईत सिस्ट नसांच्या वाटेतच फुटते, तिथे रक्त साठलं तर नस दबते, म्हणून "साधं इंजेक्शन आहे" म्हणून गोळीचा विषय टाळू नये.

डापाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या ३ दिवस आधी बंद करायला सांगतात. ही गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर साखर नॉर्मल दिसूनही रक्तात आम्ल साठू शकतं. भरतीच्या वेळी औषधांची यादी "शुगरची गोळी" अशी देऊ नका, नाव लिहा. स्टेरॉइडच्या सुईनंतर काही दिवस साखर चढते, अगदी आठवडाभरसुद्धा, घरी ग्लुकोमीटर ठेवा.

मिश्री म्हणजे तंबाखूच. बायका "तंबाखू खाता का" याला नाही म्हणतात, आणि ते खोटं नसतं, कारण त्या खात नाहीत. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं, प्री-ॲनेस्थेशिया तपासणीतही तसंच सांगा.

प्रीगॅबालिनबद्दल : क्रिएटिनिन तपासलं आहे का? मूत्रपिंड मंदावलं असेल तर तोच डोस जास्त होतो आणि गुंगी त्यामुळेच असू शकते. सकाळची कमी करून रात्रीची ठेवता येते का विचारा. पण एकदम तोडू नका. गुंगीत रात्री बाथरूमला जाताना पडल्या तर मणका राहील बाजूला, खुबा मोडेल.

पाऊलखुणा :
शस्त्रक्रिया झालीच तर पहिल्या २४ तासांत पायातली ताकद अचानक गेली किंवा असह्य कळ उठली तर नर्सला लगेच बोलवा, आत रक्त साठलेलं असू शकतं. उभं राहिल्यावर डोकं ठणकणं आणि झोपल्यावर थांबणं, किंवा जखमेतून पाण्यासारखं काही येणं, म्हणजे ड्युरा गळतोय.

कळ आधी जाते, कधी टेबलावरून उतरतानाच. अंगठ्याची ताकद आठवड्यां-महिन्यांनी येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी, कधी थोडा राहतोच. "बधीर आहे म्हणजे ऑपरेशन फसलं" असं घरात कुणी म्हणायला लागलं तर हे दाखवा. सहा आठवडे भारतीय बैठकीचा संडास, जमिनीवर बसणं आणि भरलेली बादली उचलणं बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून.

शेवंती :
क्रिएटिनिन १.३ निघालं, आज डॉक्टरांनी सकाळची प्रीगॅबालिन बंद केली. एक्स-रे शुक्रवारी बसवून पुन्हा काढतोय, हृदयरोगतज्ज्ञांची वेळ सोमवारी आहे. स्टेंटचं कार्ड देव्हाऱ्याच्या खणात सापडलं. मिश्रीची डबी मी उचलली आहे, त्यावरून दोन दिवस अबोला आहे.